बांधायचं कुठं, चालवायचं कुठं

रास्पबेरी पाय ३ या तळहाताएवढ्या संगणकाला मेमरी असते १ जीबी. त्यावर ओपनसीव्हीसारखी अवाढव्य मुक्तस्रोत लायब्ररी सोर्सपासून बांधायला घेतली आणि चारही कोअर कामाला जुंपले, की एखाद्या दांडग्या सी प्लस प्लस फाईलवर कंपायलर एकाएकी मरतो. पडद्यावर एवढाच शब्द उरतो : किल्ड. कोडमध्ये चूक नसते. मेमरी संपलेली असते आणि कर्नलने सगळ्यात जास्त खाणाऱ्याचा बळी दिलेला असतो.

लोणी भापकरच्या एका पडवीत हाच शब्द पडद्यावर होता आणि त्यावरून मामा-भाचीचं जुंपलं होतं. मामा बारामतीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. आता या जिरायत पट्ट्यात शेततळ्याच्या जोरावर डाळिंब सांभाळतात. फळांवर तेल्याचे डाग दिसू लागले की कॅमेऱ्याने वेळीच सांगावं, एवढा त्यांचा हट्ट. भाची पुण्यात राउटर आणि तत्सम डब्यांसाठी लिनक्स तयार करते. ओपनसीव्हीचं तयार पॅकेज एका कमांडीत मिळतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्यातली आवृत्ती जुनी होती आणि मामांचं नवं मॉडेल ती उघडत नव्हती, म्हणून बांधणं भाग. मी गावातलं मंदिर पाहायला आलेला पाहुणा. ऐकलं तसं मांडतोय. मामांचे काही शब्द तेवढे गाळले आहेत.

भाची : मामा, हे लॅपटॉपवर का नाही करत तुम्ही? चहा होईस्तोवर आटपलं असतं.

मामा : लॅपटॉप इंटेलचा, पाय आर्मचा.

भाची : म्हणून तर क्रॉस-कंपायलर असतो. बसायचं इंटेलवर, कोड काढायचा आर्मचा.

मामा : असतो गं, मला काय नवीन सांगतेस? एका फाईलीचा प्रोग्रॅम क्रॉस-कंपाईल करणारे गल्लोगल्ली सापडतील. ओपनसीव्ही म्हणजे वाटेत दहा जणांना विचारत जाणारं बिऱ्हाड आहे. जेपीईजी कुठं आहे, जीटीके आहे का, पायथॉन कितवा, व्हिडिओची लायब्ररी कोणती. लॅपटॉपवर बसून विचारलं की लॅपटॉप स्वतःचंच सांगतो. पायवर विचारलं की पायचं सांगतो. मग मी पायवरच का नको विचारू?

दुखणं मामांनी नेमकं पकडलं होतं. क्रॉस-कंपाईल म्हटलं की नवखी माणसं कंपायलरला घाबरतात. तो तर एका पॅकेजात मिळतो. जीव खाते ती त्याच्या आधीची चौकशी. सीमेक असो, ऑटोटूल्स असो की मेसन, बिल्ड सिस्टीमचं अर्धं काम चौकशीचंच. आणि वर्षानुवर्षं लोक जिथे चालवायचं तिथेच बांधत आल्यामुळे ही चौकशी एका गृहीतकावर उभी असते : जिथे मी बसलोय, तेच माझं घर. क्रॉस-कंपाईल म्हणजे ते गृहीतक काढून घेणं. ते गेलं की बिल्ड सिस्टीमला एकेक गोष्ट लिहून द्यावी लागते.

भाची : ते लिहून द्यायला टूलचेन फाईल आहे की. ओपनसीव्हीच्या सोर्समध्येच, प्लॅटफॉर्म्सच्या फोल्डरात, आर्मच्या फाईली तयार आहेत. सिस्टीम लिनक्स, प्रोसेसर अमुक, कंपायलर हा, सिसरूट तिथे. आणि शोधायचे नियम : प्रोग्रॅम सिसरूटमध्ये कधीच शोधू नकोस, लायब्ररी आणि हेडर फक्त सिसरूटमध्येच शोध.

मामा : प्रोग्रॅम का नको, हे सांग या पाहुण्यांना.

भाची : कारण बांधताना जे प्रोग्रॅम चालवावे लागतात, ते इथे लॅपटॉपवर चालले पाहिजेत. पायथॉन स्क्रिप्टी चालवतो, कोड-जनरेटर फाईली काढून देतो, ही सगळी इथली गडीमाणसं. लायब्ररी मात्र तिथली. एलएलव्हीएमचं बघा. त्यात टेबलजेन नावाचा एक प्रोग्रॅम आधी बांधावा लागतो आणि मग त्यानेच बाकीचा अर्धा सोर्स लिहून द्यायचा. क्रॉस करताना तो एकदा लॅपटॉपसाठी वेगळा बांधावा लागतो. आर्मसाठी बांधलेला इथे चालणारच नाही. पायथॉनचंही तेच. पायथॉन ३.११ पासून तर क्रॉस बिल्डला सांगावंच लागतं, की मदतीला इथला कोणता पायथॉन घ्यायचा.

मामा : बघ, म्हणजे एकाच प्रोजेक्टची दोनदा बांधणी. माझ्याकडे एकदाच.

भाची : एकदाच, पण रात्रभर. त्यात कर्नल मधेच मारणार. एसडी कार्डावर स्वॅप वाढवून ठेवलंय तुम्ही, ते कार्ड झिजतंय. वीज गेली की फाईल सिस्टीमची वाट.

मामा : इन्व्हर्टर आहे. आणि मेक जिथे थांबला तिथून पुढे सुरू करतो. एक कोअर लावून निवांत झोपतो मी. सकाळी जे तयार असतं, ते याच मशिनवर, याच्याच लायब्रऱ्यांना जोडून, याच्याच कंपायलरने बांधलेलं असतं. तुझ्यासारखं ‘जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असं तोंड पाहावं लागत नाही.

भाची गप्प बसली, कारण हा अनुभव क्रॉस करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. लॅपटॉपवरच्या क्रॉस-कंपायलरबरोबर त्याची स्वतःची सी लायब्ररी येते. ती नवी, पायवरची जुनी. बांधताना कुणी कुरकुरत नाही. पायवर नेऊन चालवलं की लोडर हात वर करतो. इलाज एकच, पायवरचीच सी लायब्ररी समोर ठेवून बांधायचं. त्यासाठीच सिसरूट, म्हणजे पायच्या फाईल सिस्टीमची लॅपटॉपवर ठेवलेली नक्कल. आरसिंकने पायवरचे लिब आणि यूएसआर हे फोल्डर ओढून आणले की झालं, असं वाटतं. तसं होत नाही.

मामा : सिसरूटमधल्या सिमलिंकांचं सांग की. ते का लपवतेस?

भाची : लपवत नाही. पायवरच्या काही लिंका पूर्ण पत्त्याच्या असतात, मुळापासून लिहिलेल्या. नक्कल लॅपटॉपवर आणली की त्याच लिंका लॅपटॉपच्या मुळापासून वाचल्या जातात आणि थेट लॅपटॉपच्या लायब्ररीत जाऊन पोचतात. लिंकर म्हणतो, ‘फाईलीचा प्रकार जुळत नाही.’ माणूस तासभर कंपायलरला शिव्या घालतो. आणल्या आणल्या सगळ्या लिंका सापेक्ष करून टाकायच्या, एवढंच.

मामा : आणि पीकेजी-कॉन्फिग?

भाची : त्यालाही सांगायचं, की आपल्या यादीत बघू नकोस, सिसरूटमधल्या यादीत बघ. दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत. एकाने यादीची जागा बदलते, दुसऱ्याने तिच्यातल्या पत्त्यांच्या पुढे सिसरूट लागतं. एकच लावलं आणि दुसरं विसरलं की अर्धवट खोटी उत्तरं येतात. ती सरळ एररपेक्षा वाईट.

मामा : अर्धवट खोटी उत्तरं. हे तुझ्या तोंडून आलं ते बरं झालं. तुझी पद्धत सगळी त्याच्यावरच उभी आहे.

भाची : कशी काय?

मामा : काही प्रश्नांना चालवून बघितल्याशिवाय उत्तरच नसतं. कॉन्फिगर छोटा प्रोग्रॅम लिहितं, कंपाईल करतं, चालवतं आणि निकाल बघतं. क्रॉसमध्ये तो चालवता येत नाही. मग ऑटोटूल्स अंदाज बांधतं. आमच्या कॉलेजात ती ‘आरपीएल मॅलॉक’ची एरर किती पोरांनी आणली असेल माझ्याकडे! शून्य बाइट मागितले तर मॅलॉक काय परत देतो, हे तपासता आलं नाही म्हणून कॉन्फिगरने वाईट धरून चाललं आणि नसलेल्याच फंक्शनला हाक मारली. पायवर बांधलं असतं तर ही भानगडच नव्हती.

भाची : ते जुनं ऑटोकॉन्फ, मामा. आणि निदान लिंक करताना बोंब तर मारली. सीमेक तर थांबूनच सांगतं : हे मला चालवता येत नाही, या फाईलीत उत्तर लिहून द्या.

मामा : आणि लिहिणारा कोण? तूच. हाताने लिहिलेलं उत्तर चार वर्षांनी कोण तपासतंय? ३२ बिटी आर्मवर वेळेचा आकडा ३२ बिटांचा होता. २०३८ साली तो उलटणार, म्हणून डेबियनने १३ व्या आवृत्तीत तो ६४ बिटांचा केला. कुणीतरी कधीकाळी ‘चार बाइट’ असं लिहून ठेवलेलं असलं तर?

भाची : आकार कुणी हाताने लिहावाच का? आकाराला चालवून बघावं लागत नाही. चुकीचा असेल तर कंपाईलच होऊ नये अशी ओळ लिहायची, कंपायलर आपोआप उत्तर देतो. ऑटोकॉन्फ क्रॉस करताना हेच करतं. अंदाज चुकला तर लांबी उणे होईल असा ॲरे मांडतं आणि कुठे अडतं ते बघत आकडा शोधत जातं. चालवून बघण्याचे जे प्रश्न आहेत, त्यातले बहुतेक आळसाने विचारलेले असतात.

इथे माझं मत भाचीच्या बाजूने झुकलं. चांगला आणि वाईट लिहिलेला प्रोजेक्ट वेगळा ओळखायचा असेल, तर तो क्रॉस करून पाहावा. ज्याने प्रश्न नीट विचारलेत, त्याला तीन-चार ओळींची टूलचेन फाईल पुरते. डेबियनमध्ये हेल्मुट ग्रोने हा माणूस वर्षानुवर्षं हेच करतोय : पॅकेजमागून पॅकेज क्रॉस करून पाहायचं, अडलं की दुरुस्ती पाठवायची. त्यातल्या कितीतरी दुरुस्त्या इतक्या फुटकळ असतात, की कुणीतरी कंपायलरचं नाव थेट ‘जीसीसी’ असं लिहून ठेवलेलं असतं आणि ते बदलायचं असतं.

पण मामांकडे हुकमाचं पान शिल्लक होतं.

मामा : डेबियनचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. अख्खं डेबियन कसं बांधतात? ज्या घराण्याची मशिन, त्याच घराण्यावर. क्रॉस करून नव्हे. आणि या रास्पबेरीचंच बघ. २०१२ साली पहिल्या पायसाठी रास्पबियन आलं. त्या पायचा प्रोसेसर आर्मव्ही६, डेबियनची हार्ड-फ्लोट पॅकेजं आर्मव्ही७ साठी. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी सगळी पॅकेजं नव्याने बांधली, आर्मच्याच बोर्डांचा ताफा लावून. हजारो पॅकेजं! तुझी क्रॉसची हुशारी त्यांना माहीत नव्हती का?

भाची : माहीत होती. हजारो पॅकेजांच्या हजारो चौकशा दुरुस्त करायला माणसं नव्हती, बोर्ड होते. म्हणून त्यांनी तो मार्ग धरला आणि तो बरोबरच होता. पण तुमचा अँड्रॉइड फोनवर बसून कुणी बांधला का? आम्ही ऑफिसात योक्टो वापरतो. त्यात कंपायलरपासून शेवटच्या स्क्रिप्टीपर्यंत सगळं लॅपटॉपवर, नाही तर सर्व्हरवर. राउटरवर कंपायलर ठेवायला जागाच कुठे असते?

मामा : राउटरचं राउटरजवळ.

भाची : बरं, पवईचं घ्या. आयआयटी मुंबईत माधव देसाईंच्या गटाने ‘अजित’ प्रोसेसर केला, २०१९ साली जाहीर झाला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप निघाली. ती पहिली चिप टेबलावर आली तेव्हा तिच्यावर बसून जीसीसी बांधणार होतं का कुणी? डिस्क नाही, ऑपरेटिंग सिस्टीम नाही, कंपायलर नाही. नव्या मशिनवरचा पहिला प्रोग्रॅम दुसऱ्याच मशिनवर बांधलेला असतो. दुसरा मार्गच नाही.

या उदाहरणावर मामा खूश झाले, हे मला अनपेक्षित होतं. पवईच्या उदय खेडकरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं नाव त्यांनीच काढलं. जीसीसीच्या पोटात काय चालतं ते उलगडून दाखवणाऱ्या तिथल्या कार्यशाळांचा लौकिक कॉलेजांमधून होता. एकाच जीसीसीतून इतक्या प्रोसेसरांचे कंपायलर कसे निघतात? प्रोसेसरचं वर्णन वेगळ्या फाईलीत, नियमांच्या भाषेत लिहिलेलं असतं. जीसीसी बांधताना ते वाचून त्या प्रोसेसरचा कोड काढणारा भाग तयार होतो. ‘अजित’ने स्पार्क व्ही८ हा खुला, आधीच मानक झालेला सूचनासंच निवडला, त्यामागचं शहाणपण इथे दिसतं. स्पार्कचं वर्णन जीसीसीत होतंच, लिनक्सही होता. चिप नवी आणि तिला लागणारं सॉफ्टवेअर जुनं, मुरलेलं. फक्त स्पार्क मोठ्या टोकाकडून बाइट मांडतो आणि आपले इंटेल-आर्म लहान टोकाकडून. लॅपटॉपवर बेधडक चालणारा प्रोग्रॅम तिथे आकडे उलटे वाचतो.

मामा : हां, आणि हे कंपायलर सांगत नाही. चालवल्यावरच कळतं. न चालवलेलं ते न तपासलेलं. तुझी क्रॉस बिल्ड ‘शंभर टक्के’ म्हणून थांबते, तेव्हा एकही टेस्ट चाललेली नसते.

भाची : क्यूईएमयू हा एम्युलेटर आहे. कर्नलला सांगून ठेवलं, की आर्मचा प्रोग्रॅम दिसला की क्यूईएमयूकडे दे, मग टेस्ट लॅपटॉपवरच चालतात.

मामा : तुझ्या क्यूईएमयूला माझा कॅमेरा दिसतो? आर्मच्या निऑन सूचनांचा वेग कळतो?

भाची : नाही. म्हणून टेस्ट पायवर चालवायच्या. बांधायचं इथे, तपासायचं तिथे. आपल्या मल्लिकार्जुनाचं देऊळ बघा. मुळात विष्णूचं असावं असं अभ्यासक म्हणतात, आणि आत पिंडी. बांधलं एकासाठी, नांदतोय दुसरा. देऊळ उभंच आहे ना?

मामा : आणि वराह बाहेर पुष्करिणीपाशी आलाय, तो नाही दिसत तुला?

आम्ही तिघेही हसलो. पण त्या उत्तरात दम होता. बांधताना जे मूळ धरून चाललो, ते नंतर बदललं की काहीतरी बाहेर पडतंच. भाचीने लगेच स्वतःहून एक नमुना दिला. ओपनसीव्हीचं पायथॉन मोड्यूल क्रॉस करताना फाईलीच्या नावाला शेपूट जोडावं लागतं. त्यात पायथॉनची आवृत्ती आणि मशिनचा प्रकार असतो. बिल्ड सिस्टीम ते शेपूट पायथॉनलाच विचारते. पण विचारायला हाताशी असतो लॅपटॉपचा पायथॉन. तो इमानदारीने आपलंच शेपूट सांगतो. मग आतला कोड अस्सल आर्मचा आणि नावात इंटेल, अशी फाईल तयार होते. ती पायवर नेली की पायवरचा पायथॉन म्हणतो, असं मोड्यूलच नाही. फाईल डोळ्यांसमोर, तरी नाही. शेपूट आपण स्वतः सांगण्यासाठी ओपनसीव्हीने एक वेगळं व्हेरिएबल ठेवलंय. ते ज्याला माहीत नाही, त्याची दुपार गेली.

मामा : पटलं ना? पायवर बांधलं की विचारणारा आणि ज्याच्याबद्दल विचारायचं तो, दोघं एकच. खोटं निघायला जागा नाही.

भाची : जागा नाही? बरं. टर्मिनल इकडे द्या.

तिने मामांच्या पायवर दोन कमांडी दिल्या. ‘यूनेम’ला मशिनचा प्रकार विचारला. उत्तर आलं, ६४ बिटी आर्म. मग डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेला तेच विचारलं. उत्तर आलं, ३२ बिटी.

मामा : हे काय?

भाची : कर्नल ६४ चा, वरची सगळी सिस्टीम ३२ ची. ३२ बिटी रास्पबेरी पाय ओएसवर असंही असू शकतं. तुमचा कंपायलर ३२ चा कोड काढतो, आणि बिल्ड सिस्टीमने प्रोसेसर कोणता म्हणून कर्नलला विचारलं की तो ६४ सांगतो. मागच्या महिन्यात तुमची ती दुसरी लायब्ररी ‘हा ऑप्शन ओळखीचा नाही’ म्हणून अडली होती ना? तिने ६४ साठीचे ऑप्शन ३२ च्या कंपायलरला दिले असणार. स्वतःच्या मशिनवर बसून तुम्ही क्रॉसच करत होता, फक्त टूलचेन फाईलीशिवाय.

मामा बराच वेळ दोन्ही ओळींकडे पाहत राहिले. मग, हरल्याचं कबूल न करता, त्यांनी मुद्दा वळवला. ओपनसीव्ही लॅपटॉपवर बांधायला ते तयार झाले, पण अटी घालून : टूलचेन फाईल त्यांच्या प्रोग्रॅमबरोबर गिटमध्ये राहील, सिसरूट कधी आणि कुठून आणलं हे तिच्यातच वर लिहिलेलं असेल, आणि टेस्ट पायवर चालल्याशिवाय भाची पुण्याला जाणार नाही. शेवटची अट बहिणीला कळवायची जबाबदारीही त्यांनीच घेतली. भाचीने आपलं एक कलम घातलं : लागणारे चार भागच बांधायचे, जीटीकेची खिडकी नको. बागेतल्या डब्याला पडदा कुठे आहे?

मामा : बरं, वरच्या तुकड्यात तो झिरो बसवलाय. त्यालाही हेच लागू?

भाची : झिरो साधा की झिरो २?

मामा : साधा.

भाची : मग नाही चालणार. तो आर्मव्ही६. डेबियन-उबंटूचा हार्ड-फ्लोट क्रॉस-कंपायलर आर्मव्ही७ धरून चालतो. आपण ऑप्शन देऊन आर्मव्ही६ मागितलं तरी त्याच्याबरोबर येणारे सुरुवातीचे तुकडे आणि लायब्ररी आर्मव्ही७ च्याच. झिरोवर गेलं की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. त्याला कंपायलरच वेगळा बांधावा लागेल, क्रॉसटूल-एनजी घेऊन.

मामा : एवढं कशाला? या पायमधली सिस्टीम ३२ ची, तूच म्हणालीस. हिचा जीसीसी मुळातच आर्मव्ही६ चा कोड काढतो. झिरोपुरतं मी इथे, पायवर बांधतो. एक कोअर, रात्रभर. कार्ड तिकडे नेऊन लावलं की चालू.

भाची : म्हणजे एका मशिनवर बांधायचं आणि दुसऱ्यावर चालवायचं. याला काय म्हणतात, मामा?

मामा : काटकसर. तू तुझी फाईल लिही.